प्लग काढला की लॅपटॉप बंद : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांत लॅपटॉपच्या बॅटरीचेच प्रश्न जास्त आहेत आणि त्यात नवल काही नाही, इंदूरचा एप्रिल-मे म्हणजे बॅटरीसाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि आज एकाच विषयावर बोलू. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिलीये कारण उगाच पैसे जायची भीती तिथेच सगळ्यात जास्त आहे.

प्रश्न : दादा, मी एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतेय, क्लास भंवरकुव्याला आहे. लॅपटॉप चार वर्षांचा आहे, चार्जर लावलेला असेल तर एकदम मस्त चालतो पण पिन काढली की त्याच सेकंदाला स्क्रीन काळी, मेसेज नाही काही नाही. आणि बॅटरी ९७ टक्के दाखवते! घरी लाईट क्षणभर जरी गेली तरी टाईप केलेल्या नोट्स जातात. एका दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड गेला, साडेआठ हजार लागतील. बाबा म्हणतात त्यापेक्षा नवाच घेऊ. काय करू? — एक विद्यार्थिनी, सुदामानगर

उत्तर : मदरबोर्डसाठी अजून एक रुपयाही देऊ नकोस, आणि बाबांनाही सांग की नव्या लॅपटॉपची घाई नको. लॅपटॉप न उघडता, न तपासता मदरबोर्ड गेला असं कोणालाच सांगता येत नाही. तू लिहिलेली लक्षणं बघितली तर पहिला संशय बॅटरीवर, मग तिच्या कनेक्टरवर, मग चार्जरवर, आणि मदरबोर्डचा नंबर सगळ्यात शेवटी. तपासायचंही याच क्रमाने, कारण आधीच्या गोष्टी तपासायला जवळपास काहीच खर्च नाही.

तुझा गोंधळ होतोय तो त्या ९७ टक्क्यांमुळे. हा आकडा म्हणजे बॅटरीच्या आत बसलेल्या एका चिपचा अंदाज असतो, किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा हिशोब ठेवून ती तो सांगते. बॅटरी जुनी झाली की हिशोब चुकत जातो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, लिथियम आयन सेल जुना झाला की त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. एक सेल साधारण ३.६-३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ पर्यंत जातो, पुष्कळ लॅपटॉपमध्ये असे तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात म्हणजे भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट. चार्जर लावलेला असतो तेव्हा बॅटरीवर काहीच भार नसतो, त्यामुळे व्होल्टेज छान दिसतं. पिन काढली की प्रोसेसर, स्क्रीन, वायफाय सगळ्यांचा भार एकदम तिच्यावर येतो आणि मेलेला सेल तो झेलू शकत नाही, व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि बॅटरीतलं प्रोटेक्शन सर्किट लाईन तोडून टाकतं. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे पण बोअरच्या पाण्याने पाईपमध्ये इतका क्षार साचलाय की नळ पूर्ण सोडला तरी नुसती बारीक धार येते, अगदी तसं. तिनातला एकच सेल खराब झाला तरी सगळी बॅटरी अशी वागते.

आता घरी करायच्या गोष्टी. आधी सगळ्या नोट्स पेन ड्राईव्हवर किंवा गुगल ड्राईव्हवर कॉपी करून घे, हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करायचं नाही.

मग लॅपटॉप बंद कर, चार्जर लावूनच चालू कर आणि कंपनीचा लोगो येतो त्या वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जायची की दाबत रहा. डेल, असूस, एसरमध्ये बहुतेक एफ २ असते, एचपीमध्ये एफ १०, लेनोव्होमध्ये मॉडेलप्रमाणे एफ १ किंवा एफ २. तो साधा अक्षरांचा मेनू उघडला की तिथे काहीही न बदलता पिन काढ. तिथेही लॅपटॉप लगेच बंद पडला तर विंडोजचा यात काही दोष नाही, कारण विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. मग कोणी म्हटलं की फॉरमॅट मारून देतो, ड्रायव्हर टाकून देतो तर सरळ नाही म्हण. उलट बायोसमध्ये पाच-दहा मिनिटं आरामात चालला आणि विंडोजमध्येच बंद पडत असेल तर दोन शक्यता राहतात, एक म्हणजे बॅटरी थोडा भार झेलते पण जास्त नाही, किंवा पॉवर सेटिंग नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरची भानगड आहे. सेटिंगचं बघायला सोपं आहे, लॅपटॉप बंद झाल्यावर चार्जर लावून चालू केला आणि आधीच्या सगळ्या विंडो होत्या तशा परत आल्या तर तो बंद पडला नव्हता, हायबरनेट झाला होता, म्हणजे बॅटरी संपली असं समजून विंडोजने स्वतः झोपवला. तुझ्या नोट्स जातायत म्हणजे तुझ्या केसमध्ये असं नाहीये.

दुसरा प्रयोग, लॅपटॉप पूर्ण बंद कर, चार्जर काढून टाक आणि नुसत्या बॅटरीवर पॉवरचं बटण दाब. अजिबातच सुरू झाला नाही तर बॅटरी, कनेक्टर किंवा त्यांच्यामधला रस्ता यांच्यातच काहीतरी आहे. सुरू झाला आणि मग बराच वेळ नीट चालला, फक्त चालू असताना पिन काढली तरच बंद पडतो असं असेल तर मात्र ॲडॉप्टरवरून बॅटरीवर पॉवर बदलून देणारं जे सर्किट मदरबोर्डवर असतं त्याच्यावर संशय घ्यायला जागा आहे. साडेआठ हजार सांगणाऱ्या माणसाने निदान एवढं करून बघायला हवं होतं, याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

तिसरं, चार्जर काढलेला असताना पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर, सोड, मग चार्जर लावून चालू कर. आत एक छोटा कंट्रोलर असतो जो बॅटरी, चार्जिंग, कीबोर्ड हे सांभाळतो, कधी कधी तोच अडकून बसतो आणि या उपायाने तो नव्याने सुरू होतो. काही लॅपटॉपच्या खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं, ते असेल तर तेही दाबून बघ. याने बॅटरी तरुण होत नाही, पण फुकट आहे आणि थोड्या लोकांचं काम यातच होऊन जातं.

आणि मग बॅटरीचा रिपोर्ट. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून उघड आणि तिथे इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, पॉवरसीएफजी असं लिही (पॉवरचं पूर्ण स्पेलिंग आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं), मग एक स्पेस, मग पुढे झुकलेला स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट, मध्ये जागा न सोडता, आणि एंटर मार. एक फाईल तयार होते, ती कुठे ठेवली ते खालीच लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात दोन आकडे बघ, डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती वीज मावायची आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावते. समजा पहिला ४१,००० आणि दुसरा १५,००० असेल तर काही विचारायलाच नको, बॅटरी बदलायची. निम्म्याच्या खाली गेली की मी बदलाच म्हणतो. रिपोर्टमध्ये बॅटरीचं नावच नसेल तर लॅपटॉपला ती दिसतच नाहीये, मग कनेक्टर सैल असू शकतो किंवा बॅटरीने स्वतःला कायमचं बंद करून घेतलेलं असू शकतं, कारण एखादा सेल फार खाली उतरला तर आतलं सर्किट सुरक्षेसाठी ती कायमची बंद करतं आणि मग कितीही वेळ चार्जिंगला लावली तरी ती उठत नाही. आणि चार वर्षं रोज वापरूनही दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे दिसले तर त्या रिपोर्टवर विसंबू नकोस, ती चिप खरी माहिती देत नाहीये.

एवढं सगळं एका कागदावर लिहून घे आणि मग दुकानात जा. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुकानंच दुकानं आहेत, एकाने नाही म्हटलं तर शेजारी विचारता येतं. लॅपटॉप सोडून येऊ नकोस, मागचं कव्हर तुझ्यासमोर उघडायला सांग, बॅटरीचा कनेक्टर काढून पुन्हा नीट बसवून बघायला सांग, लॅपटॉप कधी पडला असेल तर तेवढ्यानेही काम होतं. आणि एक लक्षात ठेव, कोणी सुट्या बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून शून्य दाखवलं आणि म्हटलं की बघा मेली, तर तो पुरावा नाही, पुष्कळ बॅटऱ्या लॅपटॉपला जोडल्याशिवाय पिनवर व्होल्टेज देतच नाहीत. खरी तपासणी एकच, त्याच मॉडेलची चालू बॅटरी लावून बघणं. ती लावल्यावरही पिन काढताच लॅपटॉप बंद पडला तरच मदरबोर्डचं बोलायचं, आणि तेव्हाही पूर्ण बोर्ड बदलायची गरज नसते बहुतेक, पॉवरच्या रस्त्यावरचा एखादा मॉस्फेट (पॉवर चालू-बंद करणारा छोटा भाग) किंवा चार्जिंगची आयसी, म्हणजे चिप, बदलून होतं, बोर्डवरचे असे सुटे भाग बदलणारा, म्हणजे चिप लेव्हलचं काम करणारा माणूस शोधायचा.

नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळले पाहिजेत. वर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर बघ, आणि बनवल्याची तारीख बघ, लिथियम बॅटरी डब्यात नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, तीन वर्षांपूर्वीची नवी बॅटरी मी तरी घेणार नाही. पक्कं बिल घे.

आणि बॅटरी बदलेपर्यंत बायोस अपडेट अजिबात करू नकोस, मेसेज आला तरी नको. मध्येच लाईट गेली आणि अपडेट अर्धवट राहिलं तर मग खरंच मदरबोर्डवर येईल. नोट्स गुगल डॉक्समध्ये टाईप कर, तिथे लिहितानाच सेव्ह होत जातं. वर्डच वापरायचं असेल तर ऑटोरिकव्हरची, म्हणजे आपोआप सेव्ह होण्याची, वेळ एक मिनिटावर आण. परीक्षेला शुभेच्छा, मनापासून.

प्रश्न : लॅपटॉपचा ओरिजिनल चार्जर कुत्र्याने चावला म्हणून बाजारातून दुसरा घेतला, पिन बरोबर बसते, लॅपटॉप चालतो. पण आता काढला की लगेच बंद. आधी तीन तास चालायचा. चार्जर बदलल्याने बॅटरी खराब झाली का? — एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : बॅटरी खराब झालेली नसावी, ती उपाशी आहे. डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये अगदी मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून चार्जर लॅपटॉपला सांगतो की मी कंपनीचा आहे आणि इतक्या वॉटचा आहे. हे सांगणं लॅपटॉपपर्यंत पोचलं नाही तर डेलमध्ये चालू होताना ॲडॉप्टर ओळखता येत नाही असा मेसेज येतो, आणि लॅपटॉप चार्जरवर चालत राहतो पण बॅटरी चार्ज करत नाही. लोक तो मेसेज एंटर मारून घालवतात. बॅटरी हळूहळू शून्यावर येते आणि मग पिन काढली की बंद, दिसायला अगदी बॅटरी गेल्यासारखं. तुमच्या बॅटरीच्या चिन्हावर किती टक्के आहे ते बघा, शून्य किंवा एक-दोन असेल आणि वाढतच नसेल तर हेच आहे. ओळखीच्या कोणाचा त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा चार्जर तासभर लावून बघा. टक्के वाढले तर तुमचा चार्जर परत करून यायचं.

टाईप सीचं चार्जिंग असेल तरी वॉट बघा, ज्याला ६५ वॉट लागतात त्याला मोबाईलचा छोटा चार्जर लावला तर तो चार्ज करणारच नाही किंवा काम करताना बॅटरी उलट उतरत जाईल. आणि मधली सुई कधी वाकलेली किंवा लॅपटॉपच्या आतलं जॅक सैल झालेलं असतं, मग ओरिजिनल चार्जर लावूनही हेच होतं. जॅक बऱ्याच मॉडेलमध्ये वेगळं मिळतं आणि फार महाग नसतं.

प्रश्न : माझं वय ७१. मुलाने दिलेला लॅपटॉप वापरतो, बँकेचं काम आणि भजनं ऐकणं एवढंच. तो कायम चार्जिंगला लावलेला असतो. हल्ली काढला की बंद होतो. शिवाय ते बोटाने फिरवायचं पॅड एका बाजूने वर आलंय, क्लिक होत नाही, झाकणही नीट मिटत नाही. मुलगा बेंगळुरूला आहे, तो म्हणतो पुढच्या महिन्यात इकडे येताना घेऊन या, बदलून देतो. तोपर्यंत वापरू का? — एक आजोबा, तिलकनगर

उत्तर : काका, नका वापरू. हे वाचून झालं की लगेच लॅपटॉप बंद करा आणि चार्जर भिंतीतून काढा, पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं हे प्रकरण नाही. पॅड वर आलंय कारण त्याच्या खाली असलेली बॅटरी फुगलीये. आतलं रसायन बिघडलं की गॅस तयार होतो आणि चपटी पिशवी फुगते. अशी बॅटरी पुष्कळदा काहीही न करता तशीच पडून राहते हे खरं, पण दाबली गेली, टोचली गेली किंवा चार्ज होत राहिली तर पेट घेऊ शकते आणि ती आग घरात विझवणं अवघड असतं. म्हणून पॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका, झाकण जोर लावून मिटू नका, वर पुस्तकं ठेवू नका. गादीवर, कपाटात, उन्हात नको, फरशीवर मोकळ्या जागी, पडद्यापासून लांब ठेवा आणि एक-दोन दिवसांत जवळच्या दुरुस्तीवाल्याला बोलवून किंवा शेजारच्या कोणाला बरोबर घेऊन बॅटरी काढून घ्या. धूर किंवा विचित्र गोडसर वास आला तर लॅपटॉप वाचवायला जाऊ नका, खोलीबाहेर या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

बेंगळुरूला विमानाने नेण्याचं तर मनातही आणू नका, खराब झालेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानात न्यायला परवानगीच नाही, ना हातातल्या बॅगेत ना मोठ्या बॅगेत. कुरिअरनेही पाठवायची नाही. मुलाला सांगा की काम इंदुरातच करून घेतोय, त्याने फक्त मॉडेल नंबर बघून बरोबर बॅटरी कोणती ते फोनवर सांगावं.

काढलेली बॅटरी कुठे टाकायची हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगायलाच हवं. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं ते घराघरात कचरा वेगळा केल्यामुळे, पण बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकली तर ती ट्रान्सफर स्टेशनवर, म्हणजे गाड्या कचरा आणून टाकतात तिथे, बाकीच्या कचऱ्याबरोबर यंत्राने दाबली जाते, आणि दाबलेली लिथियम बॅटरी म्हणजे आग. तिथे काम करणारी माणसं आहेत. कचऱ्याच्या गाडीला ई-वेस्टसाठी वेगळा कप्पा असतो, तरी फुगलेली बॅटरी नुसती टाकून देऊ नका, गाडीवरच्या माणसाला हातात देऊन सांगा की ही काय आहे. त्याहून बरं म्हणजे जिथे नवी घेताय तिथेच जुनी घ्यायला सांगणं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तसं ठामपणे म्हणता येतं.

नवी बॅटरी बसली की एक बदल करा, चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवू नका. शंभर टक्के भरलेली आणि वर गरम, ही लिथियम बॅटरीची सगळ्यात वाईट अवस्था. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा चालेल म्हणते, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर असतो. दुपारी गच्चीखालच्या खोलीत लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

प्रश्न : फुगल्यामुळे लॅपटॉपची बॅटरी काढून टाकली आहे. नवी मिळेपर्यंत लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालवला तर बिघडेल का? घरी इन्व्हर्टर आहे पण लाईट गेली की तरीही बंद पडतो. — एक शिक्षिका, रामबाग

उत्तर : ताई, बहुतेक लॅपटॉप असे चालतात आणि बिघडत नाहीत, काही थोडे हळू होतात कारण एकदम जास्त पॉवर लागली की बॅटरीची मदत मिळत नाही. आत बॅटरीच्या वायरचं सुटं टोक राहिलंय ते टेप लावून नीट बांधलंय ना एवढं विचारून घ्या. इन्व्हर्टरचं म्हणाल तर पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण किंवा सेटिंग असतं आणि ते बंद असतं. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर जास्त लागतो, पंख्याला ट्यूबलाईटला ते कळत नाही पण बॅटरी नसलेल्या लॅपटॉपला कळतं. ते बटण यूपीएसकडे करा, लॅपटॉपचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे की नाही तेही बघा. तरी बंद पडला तर कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा, लॅपटॉप फार पॉवर घेत नाही त्यामुळे छोट्यावर चांगला वेळ मिळतो.

प्रश्न : नवा लॅपटॉप, चार्जिंग ८० टक्क्यांवर येऊन थांबतं, पुढे जातच नाही. बॅटरी बदलून मागू का? — एक वाचक, महू

उत्तर : नका मागू, तो लॅपटॉप बरोबर वागतोय. लेनोव्हो, असूस, एचपी, डेल सगळ्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये बॅटरी जपायची सेटिंग असते, ती चालू असेल तर चार्जिंग ८० ला, काही मॉडेलमध्ये ६० लाच थांबतं. दिवसभर टेबलावरच काम असेल तर ती चालूच राहू द्या. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री बंद करा, सकाळी शंभर टक्के मिळतील, आणि परत आलात की पुन्हा चालू करा.